मापट्याचा आकडा

रक्त खोटं बोलत नाही, हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना सुनावलं आहे. गायवाल्यांना, मांजरवाल्यांना, घोड्यांच्या डॉक्टरांना, आणि एकदा तर दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या एका बिचाऱ्या बाईंना, ज्यांनी फक्त 'तुम्ही काय करता?' एवढंच विचारलं होतं.

मी जनावरांच्या रक्तातले एन्झाइम मोजते. ऐकायला भारी वाटतं, पण गोष्ट सोपी आहे. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या पेशींच्या आत राबणारी कामकरी मंडळी. पेशी धडधाकट असली की ती आतच राहतात. पेशीला इजा झाली की बाहेर पडून रक्तात भटकतात. रक्तात कोण किती सापडलं आणि ते किती जोराने काम करतंय हे मोजलं, की कुठल्या घराची भिंत पडली ते कळतं. यकृताचे एन्झाइम वेगळे, हाडांचे वेगळे, स्नायूंचे वेगळे. त्यात प्रत्येक प्राण्याची तऱ्हा निराळी. कुत्र्याच्या यकृताची चुगली करणारा एन्झाइम घोड्याच्या बाबतीत मूग गिळून बसतो. वाढत्या वयाच्या पिल्लाचा हाडांचा आकडा म्हाताऱ्या कुत्र्यात दिसला तर आम्ही खुर्ची सोडून उभे राहतो. प्रयोगाच्या उंदराला पकडताना झटापट झाली, तर त्याचं रक्त आजाराची नाही, झटापटीची बातमी देतं. म्हणून या कामाला डोकं थंड लागतं. ते माझ्याकडे नाही, पण यंत्रापुढे बसल्यावर मी ते उसनं आणते.

रोज सकाळी यंत्र सुरू केलं की त्याला आधी असं रक्त द्यायचं ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. यंत्राने ते बरोबर सांगितलं तरच पुढचे नमुने लावायचे. आमच्याकडे हे ठाऊक असलेलं रक्त मापट्याचं होतं. मापट्या म्हणजे आमच्या पिंजऱ्यांतला तपकिरी कानांचा, पांढऱ्या पोटाचा कुत्रा. धान्य मोजायला जसं मापटं, तसा यंत्र तपासायला हा, म्हणून कोणीतरी त्याचं नाव मापट्या ठेवलं आणि ते चिकटलं. पिल्लू असताना आला आणि आमच्याकडेच म्हातारा झाला. दर पंधरवड्याला थोडंसं रक्त द्यायचं, एक बिस्किट खायचं, आणि पिंजऱ्यात जाऊन पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडायचं, एवढंच त्याचं आयुष्य. इतक्या वर्षांत त्याचा एकही आकडा इकडचा तिकडे झाला नाही. पगाराच्या तारखेवरसुद्धा माझा एवढा भरवसा नव्हता.

मग कारखान्यात बनलेलं तयार रक्तद्रव बाटलीत मिळू लागलं आणि कुत्रे पाळायची गरज संपली. बाकीच्या कुत्र्यांना घरं मिळाली. मापट्या उरला. म्हाताऱ्या कुत्र्याला कोण घरी नेणार? महिनाअखेर पिंजरे बंद व्हायचे होते. तोवर घर मिळालं नाही तर त्याची रवानगी जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात होणार होती. तिथली मुलं कुत्र्यांवर सुई टोचायला शिकतात. त्याचे हाल होतील असं कोणी म्हणत नव्हतं. पण पुन्हा पिंजरा, पुन्हा सुई, आणि तीही शिकाऊ हातांची, ते थेट मरेपर्यंत.

आणि नेमके त्याच सुमाराला माझे सासरे माझा विसरलेला चष्मा द्यायला प्रयोगशाळेत आले.

सासरे निवृत्त पीटीचे मास्तर. शाळेत त्यांच्या शिट्टीला शिपाईसुद्धा घाबरायचे. निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला कोणी उरलं नाही. सासूबाई पहिल्यापासूनच हुकूम ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि माझा नवरा लांबच्या गावी नोकरीला. पहिलं वर्ष त्यांनी गच्चीवर एकट्याने कवायत केली. मग तीही बंद झाली. अलीकडे तासन्‌तास खिडकीशी बसायचे. वर्तमानपत्र हातात असायचं, पण पान उलटलं जायचं नाही. मला ते बघवत नव्हतं, आणि त्यावर काय करावं तेही सुचत नव्हतं.

चष्मा माझ्या हातात देताना त्यांची नजर मागच्या आवारात गेली. पिंजरे सांभाळणारे मामा मापट्याचं अंग पुसत होते.

"हा बघ," सासरे म्हणाले, "सावधान कसा उभा राहतो. मान ताठ, नजर समोर. याला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, बाबा. त्याला दुसरं काही येतच नाही."

त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की कुत्रा आपल्याकडे येणार. सासूबाईंनी वाढता वाढता हात थांबवला. "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं," त्या म्हणाल्या. "या घरात एक म्हातारा सांभाळते आहे तेवढा पुरे."

"अगं, तो म्हातारा नाही. त्याला सराव नाही."

सासऱ्यांच्या आवाजात किती दिवसांनी धार ऐकू आली होती. म्हटलं, कुत्रा काय, हत्ती मागितला असता तरी मी अर्ज लिहिला असता.

अर्ज केला तर साहेबांची अट समोर आली. आजारी जनावर कुणाच्या घरी द्यायचं नाही, हा त्यांचा दंडक. जाण्यापूर्वी रक्ताचा अहवाल हवा, आणि त्यावर एन्झाइम विभागाच्या प्रमुखाची सही. प्रमुख म्हणजे मीच. इथेच माझी पंचाईत झाली. कुत्रा न्यायचा माझ्या सासऱ्यांना आणि अहवाल द्यायचा मी. दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत म्हणाली असती की सुनेने पास केला. म्हणून मी कानाला खडा लावला. मापट्याला ओळख व्हावी म्हणून सासऱ्यांना रोज सकाळी मागच्या आवारात भेटायची परवानगी मिळाली, तर त्या वेळी मी तिकडे फिरकायचंही नाही असं ठरवलं. मी यायच्या आत ते भेटून घरी परतलेले असायचे. रक्तसुद्धा मामांनीच काढायचं, मी फक्त मोजायचं. एवढी सोवळ्यात राहिले आणि तिथेच फसले.

पहिला अहवाल आला. यकृत उत्तम, हाडं उत्तम, स्वादुपिंड उत्तम. फक्त एक आकडा वेडावाकडा. स्नायूंत एक एन्झाइम असतो, आम्ही त्याला सीके म्हणतो. स्नायूला इजा झाली की तो रक्तात येतो. मापट्याचा सीके मर्यादेच्या दुप्पट. मी चष्मा पुसला, पुन्हा मोजला. तेच. मापट्याने मला दगा द्यावा, हे माझ्या मनाला पटेना.

घरी दार उघडताच सासऱ्यांनी विचारलं, "पास?"

"नाही. स्नायूंचा एक आकडा वाईट आलाय."

"म्हणजे स्नायू कमजोर?"

मला भूक लागली होती, चपला अजून पायातच होत्या. "तसंच काहीसं समजा," मी म्हणाले. "पुन्हा तपासणार आहोत."

ते विचारात पडल्यासारखे मान हलवत आत गेले. पीटीच्या मास्तरला 'स्नायू कमजोर' हे दोन शब्द ऐकवून मी निवांत जेवायला बसले, यावरून माझ्या डोक्याची त्या दिवशीची अवस्था कळावी.

दुसऱ्या तपासणीत आकडा चौपट आला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. स्नायूंचा एखादा खराब आजार असेल? हृदयही स्नायूच, तिथे काही बिघडलं असेल? म्हाताऱ्या कुत्र्याचं काय सांगावं. पण आजार मानण्याआधी चूक शोधायची, ही आमच्या धंद्याची रीत. मी मामांना बोलावलं.

"मामा, सुई नीट लागली होती? नळीत रक्ताच्या पेशी फुटल्या नाहीत ना?"

"पहिल्या टोचणीत आलं, मॅडम. जराशी वळवळसुद्धा केली नाही त्याने."

"मांडीच्या स्नायूत कसलं इंजेक्शन दिलंत?"

"छे."

"पडला, धडपडला, दुसऱ्या कुत्र्याशी भांडला?"

"दुसरा कुत्रा उरलाय कुठे? तब्येत तर झकास आहे, मॅडम. भूक वाढलीय. झोप बघा, हाक मारली तर उठत नाही."

हे सांगताना मामा माझ्याकडे न बघता खिडकीवरच्या झुरळाकडे बघत होते, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी यंत्रामागे लागले होते. रसायनं बदलली, नळ्या बदलल्या, यंत्राचं तापमान तपासलं, कारण ऊब वाढली की एन्झाइम जास्त जोराने कामाला लागतात आणि आकडा उगाच फुगतो. सगळं जागच्या जागी होतं. साहेब दारातून डोकावून म्हणाले, "मॅडम, शेवटची एक तपासणी करू. तोही आकडा असाच आला, तर कॉलेजला कळवून टाकतो. महिना संपतोय." ते वाईट बोलले नाहीत. तरी मला राग आला, आणि राग काढायला समोर यंत्राशिवाय कोणी नव्हतं.

याच दिवसांत घरी दुसरंच प्रकरण उभं राहिलं. सासरे लंगडायला लागले. आधी उजवा पाय, मग दोन्ही. खुर्चीतून उठताना 'आई गं' आणि बसताना 'अरे देवा'. सासूबाई रोज पोटऱ्यांना तेल चोळत होत्या आणि तोंडाने त्यांनाही चोळत होत्या.

"काय उद्योग केलेत?"

"काही नाही. वय झालं."

"वय काय एका आठवड्यात झालं?"

मला मात्र वेगळीच शंका आली. सासऱ्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. ती गोळी एखाद्याच्या स्नायूंना बाधते. तसं असेल तर गोळी बदलायला हवी. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर ते ऐकेनात. शेवटी मी जेवणाच्या टेबलावरच त्यांच्या हातातून रक्त काढलं. जनावरांच्या रक्ताची माझी आयुष्यभराची सवय. त्यांची बाही वर करताना माझ्या तोंडून "उभा राहा, उभा राहा, शहाणा तो" असं निघून गेलं. सासूबाई किती तरी वेळ हसत होत्या.

नियमाने माणसाचं रक्त आमच्या यंत्रात घालायचं नसतं. मी घातलं. आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते झालं. सासऱ्यांचा सीके मापट्यापेक्षाही वर.

पहिली पाच मिनिटं गोळी, हृदय, काय काय डोळ्यांसमोर आलं. मग माझ्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. एक माणूस, एक कुत्रा. वेगळी जात, वेगळं घर, वेगळं अन्न. दोघांचा तोच एक आकडा चढतो, तर दोघांत समान काय? यंत्र. यंत्रच बिघडलंय. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि त्याला एका दमात सगळं ऐकवलं.

तो भला माणूस दुपारी आला. झाकण काढलं, दिवा पाहिला, सुया पाहिल्या. मग म्हणाला, "मॅडम, हे यंत्र माझ्यापेक्षा निरोगी आहे. खात्री हवी तर दुसरं कुणाचं तरी रक्त लावा."

आम्ही एका गायीचं लावलं, एका बोक्याचं लावलं, शेवटी माझं लावलं. तिघंही व्यवस्थित. दुरुस्तीवाला सामान आवरून गेला. जाताना म्हणाला, "त्या दोघांनाच विचारा ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आजवर मी दुसऱ्यांना ऐकवत आले होते. एक म्हातारा आणि एक कुत्रा. दोघं रोज सकाळी कुठे भेटतात? मागच्या आवारात. तिथे दोघं काय करतात? ते मी पाहायचं नाही, असं मीच ठरवलेलं.

दुसऱ्या दिवशी मी सोवळं सोडलं आणि लवकर गेले. भिंतीच्या कोपऱ्यावरच शिट्टी ऐकू आली. छोटी, छोटी, लांब. आवारात जुने टायर ओळीने मांडलेले. सासरे अर्ध्या चड्डीत, गळ्यात शिट्टी, पोटऱ्यांना पट्टे बांधून पळत होते. पळणं म्हणजे काय, बादली घेऊन जिना चढावा तसं. त्यांच्या मागोमाग मापट्या. कान उडताहेत, जीभ बाहेर, टायरवरून उडी मारायची म्हणून टायरात पडतोय, उठून पुन्हा पळतोय. मामा कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"बाबा."

शिट्टी थांबली. मापट्या थांबला नाही. तो आणखी एक फेरी मारून आला आणि सासऱ्यांच्या पायांवर आदळला.

"हे काय चाललंय?"

"तयारी." सासरे धापा टाकत होते. "तूच म्हणालीस, स्नायू कमजोर. कमजोर स्नायूला एकच औषध. पहिल्यांदा चालवत होतो आणि थोडंसं पळवत होतो. नापास झाला म्हणून वेळ वाढवला. पुन्हा नापास झाला, मग हे टायर आणले."

"अहो, हा एन्झाइम स्नायूला श्रम झाले की वाढतो. याला जन्मात सवय नाही. तुम्ही जितकं पळवाल तितका आकडा चढणार. तुमचासुद्धा चढलाय."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग चेहरा उतरला. "म्हणजे मीच त्याला नापास केला?"

खरं तर मी तोंडभर बोलायच्या तयारीने आले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, इथपासून सुरुवात करणार होते. मामांनाही दोन शब्द ऐकवायचे होते. पण सासऱ्यांनी टायरावर बसून मापट्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं ते सोडेचनात. पीटीच्या मास्तरला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"घेऊन जातील का गं त्याला?" ते म्हणाले. "तिथे पोरं सुया टोचतील. तो तर ओरडतसुद्धा नाही. नुसता उभा राहील, सूनबाई. सावधान."

मला रडू आलं. मी ते रागावर ढकललं आणि हुकूम सोडला. तपासणीपर्यंत मापट्याला पूर्ण आराम. टायर बंद, शिट्टी बंद. बाबांनी इकडे यायचंच नाही, कारण त्यांचा पायरव ऐकला की तो उड्या मारतो. मामांनी त्याला पिंजऱ्याबाहेरच्या ओट्यावर बसवायचं आणि बसू द्यायचं.

तो आठवडा आमच्या घराने कसा काढला ते घरालाच ठाऊक. आराम करायचा होता मापट्याने, पण शिक्षा झाली सासऱ्यांना. सकाळी ठरल्या वेळी उठायचे, बूट घालायचे, दाराशी जायचे आणि बूट काढायचे. पहिले दोन दिवस सासूबाई हसल्या. नंतर त्याच म्हणायला लागल्या, "एकदा लांबून बघून आले तर नाही का चालणार?" मी नाही म्हटलं. आता चूक व्हायला जागा ठेवायची नव्हती.

शेवटच्या तपासणीच्या सकाळी मामांनी रक्त आणलं. मी ते स्वतः यंत्रात लावलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. आकडा उतरला होता. खूप उतरला होता. पण मर्यादेच्या आत नव्हता. थोडा, अगदी थोडा वर.

मामा दारातच उभे होते.

"मामा, खरं सांगा. बाबा येऊन गेले?"

"नाही, मॅडम. शपथ."

"मग?"

मामांनी या वेळी माझ्याकडे बघितलं. "मी त्याला ओट्यावर बसवायचो. पण मास्तरांची वेळ झाली की तो उठायचा. फाटकापर्यंत पळत जायचा, कान लावायचा, परत यायचा. पुन्हा जायचा. हाक मारली तरी ऐकायचा नाही. बांधून ठेवावं असं मनात आलं, पण जीव झाला नाही."

मी खुर्चीत बसले. मर्यादा आणि आकडा यांत एवढासा फरक होता. तो कुणाला दिसला नसता. रक्त पुन्हा लावलं असतं तर कदाचित आत आलाही असता. यंत्राचंही थोडं मागेपुढे होतं. पण असं मनासारखं उत्तर येईपर्यंत मोजत बसणाऱ्यांना मी या खोलीतून हाकललेलं आहे. मी आकडा आला तसाच अहवालात लिहिला. त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, सही केली, आणि साहेबांकडे गेले.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. "आकडा जास्त आहे."

"आहे."

"आणि खाली हे काय? 'कारण: धावणे. आजार नाही.' मॅडम, तुम्हीच सगळ्यांना सांगत असता, रक्त खोटं बोलत नाही म्हणून."

"खोटं नाहीच बोलत. इतके दिवस मी ऐकण्यात चुकत होते."

"कुत्रा तुमच्या घरी जाणार. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी आकडा बदललेला नाही. आकडा बदलला असता तर बोलायला जागा होती." मग मी आवारातल्या पळापळीची सगळी हकिगत सांगितली आणि मुख्य मुद्द्यावर आले. साहेबांपुढे मी इतकी कधी बोलले नव्हते. "साहेब, कुत्र्यांची ही मर्यादा आपण कुणाच्या रक्तावरून ठरवली? याच पिंजऱ्यांतल्या कुत्र्यांच्या. त्यांतला एकही कधी पळाला नव्हता, पळायला जागाच नव्हती. इतकी वर्षं मापट्याचा आकडा हलला नाही, म्हणून आपण त्याच्यावर यंत्रं तपासली. पण आकडा हलला नाही, कारण तो स्वतःच कधी हलला नव्हता. आता पहिल्यांदा कुणासाठी तरी फाटकापर्यंत धावतोय. ही इजा असेल तर त्याला होऊ द्या."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. त्यांनी मापट्याचे जुने आकडे मागवले. मी काढून दिले. एकाखाली एक, वर्षानुवर्षं तेच ते. त्यांनी पानं चाळली, आणि मधेच थांबून चाळणं सोडून दिलं.

"सासरे तुमचे कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"लंगडताहेत. पण छान आहेत."

त्यांनी पेन काढलं आणि माझ्या ओळीखाली सही केली. "रोज थोडं थोडं पळायला सांगा," ते म्हणाले. "दोघांनाही."

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. फोन सासूबाईंनी उचलला. सासरे मागेच असणार, कारण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"पास झाला का गं?"

"पास नाही झाला, आई. पण सही झाली. संध्याकाळी घेऊन येते."

पलीकडे सासूबाईंनी फोन बाजूला धरून काहीतरी सांगितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे बोलायला येतील म्हणून मी थांबले, पण ते आले नाहीत. सासूबाईंनीच पुन्हा फोन कानाला लावला आणि त्यांचा आवाज बदललेला होता.

"डोळे पुसताहेत," त्या हळूच म्हणाल्या. मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात, "बरं, मी त्याचं अंथरूण वरच्या खोलीत घालते, यांच्या पलंगाजवळ. त्याला जिना चढता येतो ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या यकृताचा, हाडांचा, स्नायूंचा प्रत्येक आकडा मला तोंडपाठ होता. काचेतून मागच्या आवारात बघितलं, तर मापट्या फाटकाशी कान लावून उभा होता.

"माहीत नाही, आई," मी म्हणाले. "त्याने जिना पाहिलेलाच नाही."